मोहळ नांदंल तवा

आमच्या घरी पाहुणा आला की आधी शिंकायचा, मग रामराम घालायचा. निपाणीच्या बाजूला तंबाखूवाल्याचं घर असंच ओळखायचं. सोप्यात तंबाखू, माळ्यावर तंबाखू, परसात उन्हाला पसरलेला तंबाखू. माल तयार व्हायच्या दिवसांत सकाळपासून काठ्यांनी बडवायचा धपाधप आवाज, आणि त्या धुळीचा पिवळा थर भाकरीच्या टोपलीपासून देव्हाऱ्यापर्यंत. आई म्हणायची, आपल्या घरात ढेकूण न्हाय, कसर न्हाय, उवा न्हाईत आन आळशी माणूस न्हाय. तंबाखूनं सगळं पळतं. दात दुखला तर तंबाखू, ठेच लागली तर तंबाखू, जळू चिकटली तर तंबाखू, बैलाच्या गोचिडीला तंबाखूचं पाणी. मी त्याच्यावरच वाढलो, आणि मला अजून वाटतं की निम्मे रोग तंबाखूनं बरे होतात. उरलेले निम्मे तंबाखूनंच होतात, असं माझा नातू म्हणतो. तो फटफटीवरून उद्यमबागेत कारखान्यात जातो, शिकलेला आहे. मी मराठी चौथीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा उठून घरी आलो, त्यामुळं माझी मतं कुणी बिघडवलेली नाहीत.

हे आधी सांगायचं कारण असं, की हल्ली माझ्याकडं येळ्ळूर-खानापूरकडची पोरं येतात. मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारी. आजोबा, मोहळ का मरतं, का पळून जातं, असं विचारतात. मी सांगतो: मुंगी, मेणातला किडा, उपासमार आणि माणूस, आणि पहिल्या तिघांना दार उघडून देतो तोही माणूसच. त्यांना तेवढ्यानं भागत नाही, औषध पाहिजे असतं. औषध नाही, गोष्ट आहे म्हटलं की ती घड्याळ बघायला लागतात. म्हणून लिहून ठेवतो. कागदाला घड्याळ नसतं.

माझं लग्न झालं नंदगडकडच्या तुळसाशी. जंगलाची बाजू, मातीच्या जाड भिंती, आणि त्या भिंतींत कोनाडे करून पाळलेल्या सातेरी माश्या. बाहेरून बोट जाईल एवढं भोक, आतून शेणानं लिंपलेली फळी, आणि त्या फळीला टेकून झोपणारी माणसं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायचो, वाळका आणि तोंडाळ माणूस. त्यांच्या घरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की तिच्यासोबत एक मोहळ द्यायचं. भांडीकुंडी मागनं आली तर आली. मोठ्या तोंडाचं मडकं, आत भरलेली पोळी, तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. मडकं माझ्या हातात देताना मामा म्हणाले, "पोरगी एकदा सांभाळली न्हाय तरी चालंल, ती तोंडानं सांगंल. ह्या सांगत न्हाईत, नुसत्या जात्यात."

मी म्हणालो, "मामा, तंबाखूवाल्याच्या घरात आलेलं काय बी जात न्हाय."

खानापूरहून बेळगावापर्यंत आगगाडी. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळसा मांडीवर मडकं घेऊन बसलेली, आई तिच्या शेजारी फुगून बसलेली, कारण पितळेच्या घागरीऐवजी मडकं घेऊन येणारी सून आमच्या भावकीत ही पहिलीच. मडक्यातून सारखा घुमल्यासारखा आवाज. समोर एक जाडजूड गृहस्थ होते. आपण बेळगावला उतरणार हे त्यांचं सगळ्यांना सांगून झालं होतं. ते वाकून म्हणाले, "काय वो मावशी, दूध उतू चाललंय का काय मडक्यात?"

आई म्हणाली, "सुनंचं म्हायेर हाय. कान लावून बघा."

त्यांनी लावला. फडक्याला आतून नांगी टोचलेली त्यांना दिसली असावी, कारण पुढच्याच स्टेशनात ते उतरले, आणि त्यांच्यामागोमाग ते बाकडं सगळंच रिकामं झालं. आईनं बेळगावापर्यंत पाय पसरले. सुनेकडं बघून ती पहिल्यांदा हसली ती तिथं.

बेळगावहून पुढं सर्व्हिस मोटार. घरी पोचल्यावर तुळसानं आधी भिंत बघितली, मग चूल. बोळाकडच्या भिंतीत कोनाडा फोडून घेतला, मडकं आत आडवं बसवलं, तोंड बोळाकडं. दुसऱ्या दिवशी माश्या बाहेर पडून घिरट्या घालून घर ओळखायला लागल्या, आणि तुळसा शिंकायला लागली. ती माघ ते चैत्र शिंकली. भाकरी थापताना शिंकायची, पाणी भरताना शिंकायची, आणि संध्याकाळी मडक्याच्या खाली बसून शिंकत शिंकत माश्यांशी बोलायची. काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही. नव्या बायकोनं आपली गाऱ्हाणी बाहेर सांगण्यापेक्षा माश्यांना सांगितलेली बरी.

बोळाच्या पलीकडं बाबगोंडा अण्णांचं घर. जैन, मोठी शेती, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी. अण्णांना भांडायची हौस होती पण राग येत नसे, त्यामुळं त्यांच्याशी भांडायला मजा यायची. घरात सत्ता त्यांच्या म्हाताऱ्या आईची, तिला सगळा गाव आक्का म्हणायचा. सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकायची. आमची चूल पेटायची तेव्हा त्यांची भांडी घासून पालथी पडलेली असायची. त्यांच्या घरात कांदा नाही, लसूण नाही, आणि मध तर नाहीच. माश्यांच्या घरातलं त्यांच्या तोंडचं काढून घ्यायचं ते पाप, असं आक्का म्हणायची. माझी आई खर्डा कुटायला बसली की पलीकडून आक्काचा आवाज यायचा, "अय्यय्यो, लसणाचा वास आमच्या घरात धाडू नको गं!" आणि आई म्हणायची, "वाऱ्याला सांगा आक्का, म्या बांधून ठिवलेला न्हाय." हे रोजचं. एखाद्या दिवशी झालं नाही तर दोघी एकमेकींची तब्येत विचारायला जायच्या.

चैत्रात मुंग्या आल्या. तांबड्या, भिंतीवरून ओळीनं. तुळसा ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली. मी शेतावरून आलो तर कोनाड्यापर्यंत ओळ पोचलेली. आई दारातून म्हणाली, "बघतोस काय? तंबाखू टाक." आता ह्यात माझी चूक काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. आमच्या घरात मुंगीवर दुसरं काय टाकणार? मी कोनाड्यात मडक्याभोवती चांगला ओंजळभर बारीक भुगा पसरला. मुंग्या गेल्या. पण काही आत शिरल्या असतील, असं माझ्या डोक्यात आलं. धुरानं माश्यांना काही होत नाही, असं मामांनी लग्नातच सांगितलं होतं. त्यांच्याकडं धूर शेणीचा असतो, हे सांगितलं नव्हतं. मी तंबाखूची वाळली देठं पेटवली आणि मडक्याच्या तोंडाशी धरून भरपूर फुंकलं.

आवाज बंद झाला. मला वाटलं, झोपल्या. मग त्या टपाटप खाली पडायला लागल्या, पावसाळ्यात पागोळ्या पडतात तशा. आणि ज्या पडल्या नाहीत त्या एकदम सगळ्या बाहेर निघाल्या, राणीसकट. बोळावर एक काळा गोळा फिरला, आणि अण्णांच्या भिंतीत एक जुनं भगदाड होतं त्यात गेला.

तुळसा आली. डोक्यावरची धुण्याची पाटी तशीच. तिनं जमिनीकडं बघितलं, कोनाड्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या देठांकडं बघितलं. मी म्हणालो, "मुंग्या गेल्या." तिनं सूप आणलं, मेलेल्या माश्या हातानं गोळा करून त्यात घेतल्या, परसात पेरूच्या झाडाखाली पुरल्या. शिंकलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला. तो तसाही अक्षय्यतृतीयेला येणारच होता, तो आधी कसा आला ते मला कळलं नाही. दारातून निघताना ती एवढंच म्हणाली, "मोहळ नांदंल तवा मी नांदीन."

आई म्हणाली, "चार दिसांत येतीया. कुठं जातीया?" आई तंबाखूबाबत कधी चुकली नाही, पण सुनेबाबत चुकली.

गावात दुसऱ्या दिवसापासून सुरू. पाराजवळून गेलो की, "काय रं मारुती, माशी शिंकली म्हणं!" वखारीत गेलो की, "आरं, बायको गेली म्हून रडू नको, माशी गेली म्हून रड." माझ्यासारख्या माणसानं हे किती दिवस ऐकायचं? माझं म्हणणं सोपं होतं. माश्या माझ्या. त्या पलीकडच्या भिंतीत आहेत. त्या आणायच्या, कोनाड्यात घालायच्या, नंदगडला निरोप धाडायचा, मिटलं. मी रिकामं मडकं आणि पहार घेऊन बोळ ओलांडला.

"अण्णा, माझ्या माश्या तुमच्या भितीत शिरल्यात."

"शिरल्यात," अण्णा म्हणाले.

"काढून घेतो."

"कशा?"

"भित फोडून."

"भित माझी हाय."

"माश्या माझ्या हाईत."

"मग हाक मार की. तुझ्या असल्या तर येतील."

मागं माणसं जमलेली. मागं फिरणं शक्य नव्हतं. मी भगदाडाजवळ गेलो आणि हाक मारली. काय हाक मारली ते लिहीत नाही. मारली खरी, आणि मोठ्यानं मारली. एक माशी बाहेर आली, माझ्याकडं बघून आत गेली. लोक खाली बसून हसले. आतून आक्का आली. तिच्या सामायिकाची, म्हणजे ध्यानाला बसायची वेळ होती, ती मोडली म्हणून ती तापलेली. म्हणाली, "सुम्म बस की रे! आम्ही बोलावल्या न्हाईत, आम्ही हाकलणार न्हाय. पहार लावलास आन एक जरी चेंगरली तर पाप कुणाच्या दारात? घेऊन जा तुझं मडकं."

मी म्हणालो, "बघून घेतो." काय बघून घेणार होतो ते मलाही माहीत नव्हतं, पण वाक्य चांगलं पडलं.

मग मी माझं माझं मोहळ आणलं. वैशाखात बांधावरच्या एका वारुळात पोळं सापडलं. ह्या वेळी तंबाखूला शिवलो नाही. शेणीचा धूर केला, पोळी सुतळीनं बांधून मडक्यात लावली, अंगभर डंख खाल्ले आणि राणी आणली. मोहळ चांगलं, मधानं जड. आता मामांना दाखवून द्यायचं होतं की जावई कोण आहे. म्हणून सगळा मध पिळला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तांब्या भरून मोटारवाल्याबरोबर नंदगडला धाडला. तांब्या परत आला तो घासूनपुसून, आणि सोबत मामांचा तोंडी निरोप: "मध पावला. माश्या काय खात्यात?"

मी म्हणालो, ह्या म्हाताऱ्याला चांगलं म्हणायला तोंडच नाही.

पाऊस लागला. आमच्याकडं पाऊस लागला की माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि पडल्या तरी फूल नसतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की आषाढात मडक्याचा आवाज कमी झाला. श्रावणात मडकं उघडलं तर पोळ्यांत कोळिष्टकासारखी जाळी, जाळ्यांत पांढऱ्या अळ्या वळवळत, आणि तळाशी मूठभर माश्या, वाळून हलक्या झालेल्या. अळ्यांनी मारलं असं मी सगळ्यांना सांगितलं. पण उपाशी मोहळाला राखण करायला माणूसबळ उरत नाही म्हणून अळी शिरते, हे माझ्या डोक्यात हळूहळू यायला लागलं. कारण रोज सकाळी भर पावसात मी कान लावून बघत होतो आणि अण्णांच्या भिंतीतलं मोहळ तर घुमत होतं. त्याच माश्या. मी तंबाखूचा धूर दिलेल्या, अर्ध्या मेलेल्या. त्यांची भिंत काही सोन्याची नव्हती. आक्काला काही विद्या होती असंही नाही. माश्यांचं तोंड कुठल्या बाजूला असतं हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. फरक एकच होता, त्या घरात कुणी मध काढत नव्हतं. हे मला कळलं, पण मी कुणाला बोललो नाही. कळलेलं सगळं बोलून दाखवायचं नसतं, शेजाऱ्यांसमोर तर नाहीच.

दसरा गेला, दिवाळी गेली. तुळसा आली नाही. आई भाकरी करताना माझ्याकडं न बघता म्हणायची, "घर लई गप वाटतंय." पूर्वी ह्याच बाईला सुनेच्या शिंकांनी झोप येत नव्हती. मी निरोप धाडला नाही. बाईनं अट घातलेली, मोहळ नव्हतं, तर कुठल्या तोंडानं ये म्हणणार? शेतात गेलो की फुलं बघत बसायचो. आमच्या रानात तंबाखू सोडून एवढी फुलं असतात हे मला त्या वर्षी कळलं.

पुन्हा माघ आला. एका सकाळी बोळात एकदम सूंऽ असा आवाज झाला. अण्णांच्या भिंतीतलं मोहळ फुटलं होतं. घरात माणसं जास्त झाली की भाऊ वेगळे निघतात तसंच हे. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवं घर मिळेपर्यंत कुठंतरी लोंबकळते. हे मोहळ लोंबकळलं ते आक्काच्या लुगड्यावर. परसातल्या वलणीवर, धुऊन, पिळून, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं वाळत घातलेलं तिचं सोवळ्याचं लुगडं. त्याच्या पदराला भोपळ्याएवढा घोस.

आणि त्या दिवशी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, मोठी पूजा. आक्काचं न्हाणं झालेलं, अंगावर जुनेर, आणि देवाला जायचं एकच लुगडं माश्यांनी धरलेलं. झटकलं तर हिंसा. काठी लावली तर हिंसा. वाट बघावी तर पूजा चाललेली. बस्तीतली घंटा वाजत होती आणि आक्का परसात येरझाऱ्या घालत होती. अण्णा बोळ ओलांडून आमच्या दारात आले. ते आमच्या दारात पहिल्यांदाच आलेले. आले आणि आधी शिंकले.

"मारुती, माश्या बाहेर आल्यात."

"आल्यात," मी म्हणालो.

"ये की. काढून ने."

"माश्या कुणाच्या?"

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

"तुमच्या असल्या तर हाक मारा की. उतरतील."

हे वाक्य मी जवळपास वर्षभर जपून ठेवलं होतं. जन्मात इतकं समाधान मला क्वचितच मिळालं आहे. अण्णांनी खाली मान घालून हसू दाबलं. म्हणाले, "तुझ्या हाईत बाबा. चल."

पण परसात आक्का उभी. "थांब. हा नेणार, आन पिळणार. गेल्या साली पिळलं तसं. त्या मरणार, आन माझ्या लुगड्यावरनं गेल्या म्हणून पाप मला. आधी नियम घे."

"कसला नियम?"

"ह्यांचा मध काढायचा न्हाय, खायचा न्हाय. चातुर्मास तरी."

मागून अण्णा हसून म्हणाले, "आई, ह्यो? ह्यो चार दिवस पाळणार न्हाय."

आता माणसानं असं बोलावं का? मी तिथल्या तिथं म्हणालो, "चातुर्मासाचं काय सांगताय? जन्मभर!"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "जन्मभर म्हणालास हं. देवाच्या दिशेला तोंड करून म्हण." मी बस्तीकडं तोंड करून म्हणालो. त्या घडीला मला काही वाटलं नाही. जन्म लांब असतो हे विशीत कळत नाही.

मग तिनं माझे कपडे काढायला लावले. तंबाखूच्या वासानं माश्या पुन्हा पळतील, हे मीच तिला सांगितलं होतं, त्याचा तिनं असा उपयोग केला. त्यांच्या विहिरीवर अंघोळ, अण्णांचं धुतलेलं धोतर. अण्णा माझ्या दीडपट, ते धोतर मी दोन वेढे जास्त घेऊन नेसलो. मडक्याला आतून जुनं मेण चोळलं, घोसाच्या खाली धरलं, आणि पदर हळूहळू, इंचाइंचानं वर ओढला. घोस थबकन मडक्यात बसला. एक राहिली ती माझ्या नाकाच्या शेंड्यावर, तिनं डंख मारला. मी हललो नाही. डोळ्यातून पाणी, पण हललो नाही.

अण्णा म्हणाले, "आई, डंख मारला की माशी मरती. ती पापात धरायची का?"

आक्कानं लुगडं काठीवर उचललं, नीट निरखून बघितलं, आणि म्हणाली, "ती आपल्या कर्मानं गेली. ह्याच्या नाकाचा दोष." आणि बस्तीकडं निघाली.

ते मोहळ मी आईशी भांडून सांभाळलं. बोळाकडचा सगळा तंबाखू उचलून परसाच्या टोकाला छप्पर घालून नेला. आई म्हणाली, "पिढ्या गेल्या, सुनंसाठी कुणी टोपलं हलवलं न्हाय, आन तू माशीसाठी घर हलवतोयस!" मडकं भिंतीत ठेवलं नाही, वळचणीखाली चौरंगावर ठेवलं आणि चौरंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. मुंगीला पोहता येत नाही, हा माझा शोध. तळाचा कचरा वरचेवर झाडायचा, त्यातच मेणातल्या किड्याची अंडी असतात. शेजारी पाण्याची परळी, तीत काड्या, बुडू नयेत म्हणून. आणि मध? वैशाखात मडकं उचलायला दोन्ही हात लागत होते, वासानं तोंडाला पाणी सुटत होतं, आणि मी बस्तीकडं बघून मडकं खाली ठेवत होतो. पावसाळा आला. मी रोज कान लावायचो. आषाढ घुमला, श्रावण घुमला, भादव्यात तर असं घुमलं की आई म्हणाली, कुणीतरी जेवून तृप्त होऊन घोरतंय.

तरी मी निरोप धाडला नाही. मोहळ नांदलं आहे हे तिचं तिला कळायला पाहिजे, असं माझं म्हणणं. कसं कळणार, ह्याचा मी विचार केला नव्हता. आईनं केला होता. मोटारीच्या क्लीनरला तंबाखूची पुडी देऊन तिनं नंदगडला सांगावा धाडला होता, हे मला आई वारल्यावर कळलं.

दसऱ्याच्या सकाळी मी दारात बसून दात घासत होतो. बोळातून तुळसा आली. हातात गाठोडं, मागं मामा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, दाराकडं बघितलं नाही. सरळ वळचणीखाली गेली, वाकली, मडक्याला कान लावला. बोटाच्या पेरानं टकटक केलं. आतून एकदम गर्र आवाज उठला आणि हळूहळू बसला. ती बराच वेळ तशीच वाकून होती. पलीकडं आक्का दारात येऊन उभी, अण्णा तिच्या मागं, आणि माझ्या तोंडात राखुंडी तशीच. मग तुळसा सरळ झाली, पदर खोचला, उंबरा ओलांडला, आणि आतून शिंक ऐकू आली. आईनं चुलीपाशी डोळे पुसले आणि म्हणाली, "धूर झालाय लई."

मामांनी चौरंगाखालच्या वाट्या बघितल्या. "ह्ये कुणी शिकवलं?" म्हणाले.

"कुणी न्हाय," मी म्हणालो. चांगलं म्हणायला त्यांना तोंड नव्हतंच, पण त्यांनी मान हलवली.

दुपारी तुळसा सुरी आणि परात घेऊन मडक्यापाशी बसली. मी धावलो. "हात लावू नको!"

"का? दसऱ्याला मध काढायचा न्हाय तर कवा?"

"नियम हाय."

"कसला?"

मी सांगितला. ती सुरी हातात धरून बघत राहिली. "आक्कानं जन्माचा घ्यायला लावला व्हय?"

"आक्का चातुर्मासाचा म्हणाली. मी जन्माचा घेतला."

"कशापायी?"

"अण्णा हसला म्हून."

तुळसा अशी हसली, की चार माश्या काय झालं म्हणून बाहेर बघायला आल्या. मग तिनं डोळे पुसले, कडेची दोन पोळी कापली, मधली सगळी तशीच ठेवली, आणि म्हणाली, "नियम तुमचा हाय, माझा न्हाय. मधलं त्यांचं, कडंचं माझं. तुमी बघा." मी बघितलं. तेव्हापासून बघतोय.

त्या मोहळाच्या लेकी, लेकींच्या लेकी गावभर पसरल्या. आक्का गेली, अण्णा गेले; त्यांच्या भिंतीतलं भगदाड त्यांच्या मुलानं सिमेंटनं बुजवलं तेव्हा माश्या दोन दिवस बोळात फिरत होत्या, त्यांना मी मडकं धरलं. आता शेतावर असली औषधं मारतात की माझा तंबाखू त्यापुढं प्रसाद वाटावा. पोरांना मी सांगतो, फुलावर मारू नका, मारलीच तर माश्या घरी परतल्यावर मारा, आणि पावसाळ्याआधी पिळू नका. ती मान हलवतात आणि पिळतात.

यंदा मला खोकला झाला. नातवानं दुकानातून मधाची बाटली आणली. घरात मोहळ असताना बाटलीतला मध मी खाणार नाही म्हणालो, आणि घरातला तर खाताच येत नाही. डॉक्टर हसले, नातू चिडला. दसऱ्याला तुळसानं नेहमीसारखी कडेची पोळी काढली. तिचे हात आता थरथरतात, पण मधल्या पोळ्याला सुरी लागू देत नाही. वाटीत मध घेऊन माझ्यापुढं आली, बोट बुडवलं आणि म्हणाली, "एवढं चाटा की. आक्का न्हाय, अण्णा न्हाय. कोण बघतंय?"

मी मडक्याकडं बोट केलं. "त्या बघत्यात."

तिनं मडक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बोट आपल्या तोंडात घातलं. "बरं झालं," म्हणाली, "मला जास्त."